म्हादूनं हात टेकले

त्या दिशी जव्हारच्या माळावर कोन कोन व्हतं ते आधी सांगते. मी व्हती, कडेवर माझी धाकली. माझा नवरा रामजी व्हता. सासू व्हती, तिला सगळा पाडा बुधीआय म्हनायचा. लहानू संबळवाला व्हता, संबळ गळ्यात घालूनच आल्ता, त्याशिवाय त्याचं पाऊल घरातनं निघत नसे. दरबारच्या पलटनीचे जमादार व्हते, फुटबालाची टीम त्यांच्या हाताखाली. एक शिट्टीवाला व्हता, भायेरनं आनलेला. आन मैदानात आमचा धाकला दीर म्हादू. बाकी लोक लय व्हते, त्यांची नावं मला ठावकी नाय.

त्यातलं आता कुनी नाय. मीच उरली. त्या दिशी म्हादू पडला तो खरा पडला की खोटा, हे आता दुसऱ्या कुनाला इचारायची सोय नाय, म्हनून सांगते.

संस्थानचं राज्य व्हतं तवाची गोष्ट. आमचा पाडा दाभोशाच्या धबधब्याच्या अंगाला, दरीला लागून. घरात खानारी तोंडं बक्कळ, जमीन वरकस, उताराची हलकी. नागली आन वरई पिकायची ती होळीपतुर पुरायची. पुढं पावसाळाभर काय खायाचं हे दर साली नवं कोडं.

पन घराला मान व्हता. होळी झाली की आमच्याकडं बोहाडा. देवांची आन राक्षसांची सोंगं घ्यायची, मोठे लाकडाचे मुखवटे लावून संबळावर नाचायचं. कोनतं सोंग कुनाच्या घरात ते ठरलेलं, बापाकडून पोराकडं. कुनाकडं गनपती, कुनाकडं रावन. आमच्या घरात म्हैसासुर. शेवटच्या सकाळी देवी येते, म्हैसासुर तिच्या अंगावर जातो, लढतो, आन पडतो. तो पडायचा मान आमचा.

लोकांच्या घरी पोराला नांगर धरायला शिकवत, आमच्या घरी आधी पडायला. सासऱ्यानं दोन्ही पोरांना पेंढ्यावर पाडून पाडून शिकवलं व्हतं. पयला गुडघा, मंग कूस, मंग खांदा, आन मान अशी वळवायची की मुखवटा भुईला लागता नये. मुखवटा आज्याच्या बापाच्या येळचा, फुटला त दुसरा कुटून आनायचा. आन हात टेकायचे नाय. "राक्षस काय हात टेकून पडतो? हात टेकून पडतो तो दारू प्यालेला," सासू म्हनायची. माझ्या नवऱ्याला हे कवा जमलं नाय. तो पोतं टाकल्यावानी पडायचा. म्हादू मातर असा पडायचा की बगनाऱ्या बायांच्या डोळ्यात पानी यायचं, राक्षस असून.

जमादार एका साली बोहाडा बगायला आले. गर्दी दाट, आन त्यातनं म्हैसासुर देवीकडं धावतोय, वळतोय, मागं सरतोय, पुन्हा धावतोय, आन एकालाबी खांदा लागत नाय. सोंग संपल्यावर जमादार आमच्या अंगनात आले. म्हादू मुखवटा उतरवून घाम पुसत बसला व्हता.

"मुखवट्याला डोळे कुटं हायेत रे?"

"डोळे नसतात, जमादारसाहेब. नाकाच्या भोकातनं बगायचं."

"नाकातनं काय दिसतं?"

"पाय. मानसाचे निस्ते पाय. पाय कुटं वळला ते बगायचं. मानूस मागनं तिकडंच जातो."

जमादार सासूकडं वळून म्हनले, "बुधीआय, हा गडी दरबारला द्या."

"काम काय?"

"पळायचं."

"कोन लागलंय मागं?"

"कुनी नाय. फुटबालाच्या मागं पळायचं."

"आन धरला की?"

"धरायचा नाय. लाथ मारायची."

सासूनं इचार केला. "धरायचा नाय, खायाचा नाय, मंग त्याच्या मागं लागायचं कशापायी?"

जमादारांनी सांगितलं, दर म्हयन्याला दरबारातनं भात मिळंल. भात म्हनल्यावर सासूनं पुढं काय इचारलं नाय. "न्या," म्हनली. "आवनीला, रोपं लावायला, मातर परत धाडा."

तवापासून म्हादू पगारी झाला. पावसाळ्यात आमच्या घरात भात शिजायला लागला तो म्हादूच्या पायांवर. हे घरातल्या सगळ्यांना कळत व्हतं, आन म्हादूला सगळ्यांच्यापेक्षा जास्त कळत व्हतं.

पयल्या म्याचची गोष्ट तो स्वता कवा सांगत नसे, म्हनून मी सांगते. अर्धी म्याच झाली, गड्यांनी पानी प्यालं, परत खेळ सुरू झाला. म्हादूला फुटबाल गावला. तो पायांतनं वाट काढत निघाला, हिकडनं तिकडनं, आन गोल केला. आपल्याच गोलात. अर्ध्यावर दोन्ही टीमा बाजू बदलतात, हे त्याला कुनी सांगितलंच नव्हतं.

जमादार तापले. "अरे, तो आपला गोल व्हता."

"आपला त तिकडं व्हता."

"बाजू बदलली."

म्हादू म्हनला, "जमादारसाहेब, शीव कवा बदलती का? आमचा वाघदेव एकदा गावाच्या शिवंवर बसवला की बसवला. तो काय न्याहारी करून दुसऱ्या शिवंवर जाऊन बसतो?"

जमादारांना हानावं की हसावं कळंना. पन त्या दिसापासून अर्धी म्याच झाली की म्हादू आधी आपल्या नव्या गोलाकडं जायचा, खांबाला हात लावायचा, पाया पडायचा, आन मंगच खेळायला लागायचा. जव्हारचे लोक म्हनत, लय देवाचा गडी हाय. देवाचा कसला, घर चुकू नये म्हनून.

पुढं तो शेंटर झाला. शेंटर म्हंजे सगळ्यांच्या म्होरं ऱ्हानारा, गोल करनारा. आन गोलाजवळ गेल्यावर कुनाचा पाय लागला न लागला की म्हादू पडायचा. आमच्या घरचं पडनं. गुडघा, कूस, खांदा, मान. लोक उठून उभे ऱ्हायचे. शिट्टी वाजायची. गोलाच्या म्होरं गड्याला पाडलं की फुकट मारायला देतात, त्याला पेलंटी म्हनतात. म्हादूनं पेलंट्या किती कमावल्या त्याला मोजमाप नाय. इकडं पेलंटी मिळाली की लहानू तिकडनं संबळ वाजवायचा, म्हैसासुर पडल्यावर वाजवतात तसा.

मी एकदा इचारलं, "भावजी, त्या गड्याचा पाय खरंच लागतो का तुमाला?"

"वयनी, बोहाड्यात देवीची तलवार खरंच लागती का?"

"म्हंजे खोटंच."

"खोटं कसं? पडायला त खरंच लागतं ना."

मंग त्याची मिजास सुरू झाली. डोक्याला तेल, हातात छत्री, पाऊस नसला तरी. आवनीला जमादारांनी कबूल केल्यापरमानं त्याला घरी धाडलं, त हा बांधावर छत्री उघडून उभा.

सासू चिखलातनं म्हनली, "उतर की."

"आये, माझे पाय आता दरबारचे हायेत. जळू लागली त?"

मी म्हनलं, "पाय दरबारचे असतील. हात त आमचे हायेत ना? या उतरून, हातानं लावा रोपं."

"वयनी, हात रोपापतुर पोचायला पाय भिजवावेच लागतात."

दुपारच्याला त्याला भाकर मी बांधावरनं लांब, चिखलाच्या पल्याडच ठेवली. दरबारचे पाय घेऊन आला मंग चिखलातनं.

लगीन जमलं तवाबी तसंच. मोखाड्याकडं पोरगी बगायला गेला. घरी आल्यावर सासूनं इचारलं, "कशी हाय?"

"डाव्या पायाची हाय. जपून ऱ्हावं लागंल."

"तोंडानं कशी हाय?"

म्हादूनं डोकं खाजवलं. "तोंड बगायचं राह्यलं, आये."

नाकाच्या भोकातनं बगून बगून त्याला ती सवयच लागली व्हती. मानसाशी बोलताना खाली बगायचा. बाजारात पाठीमागनं कोन आलं ते पायाच्या आवाजावरनं सांगायचा. जाव आमची चांगली निघाली, तोंडानंबी. आन खरंच डाव्या पायाची.

आता त्या दिसाचं.

डहाणूकडची टीम आल्ती. कप ठेवला व्हता. आमी सगळी पाड्यावरनं चढून गेल्तो, मी पयल्यांदाच म्याच बगत व्हती. शिट्टीवाला भायेरचा, पन म्हादूची कीर्ती त्याच्या कानावर आधीच घातलेली. म्याच सुरू व्हायच्या आधीच त्यानं बोट नाचवून म्हादूला काय तरी सांगितलं. लोक हसले. म्हादूबी हसला.

म्याच सरत आल्ती. दोन्हीकडं गोल सारखे. म्हादू फुटबाल घेऊन निघाला, गोलापाशी पोचला, आन एक दांडगा गडी आडवा आला. म्हादू पडला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. लहानूनं संबळावर टिपरी टाकली. शिट्टीवाल्यानं शिट्टी वाजवलीच नाय. तो म्हादूजवळ जाऊन म्हनला, "ऊठ. बोहाडा संपला." त्यावर सगळा माळ हसला. जमादार कडंनं वरडले, "म्हादू, ऊठ, फुटबाल गेला." म्हादू उठंना. तेवढ्यात डहाणूवाल्यांनी फुटबाल तिकडं नेऊन गोल केला. तरी हा पडलेलाच. आमच्याकडच्या लोकांना वाटलं, राक्षस पडला की त्याला संबळ थांबेपतुर हात लावायचा नाय, ती रीतच हाय. म्हनून कुनी जवळ गेलं नाय. लहानूला वाटलं, म्हादू उठत नाय म्हंजे सोंग चालू हाय, म्हनून तो वाजवतच राह्यला.

माझी सासू माझ्या शेजारी बसली व्हती. तिनं रामजीचं मनगट धरलं.

"पळ," म्हनली. "त्यानं हात टेकले."

रामजीला कळंना. "काय?"

"हात टेकले त्यानं. पळ."

मंग मीबी बगितलं. म्हादूचे दोन्ही पंजे मातीत रुतलेले, तोंड मातीत. ते पडनं वंगाळ व्हतं. त्यात गुडघा नाय, कूस नाय, खांदा नाय. कुनीबी पडंल तसा पडला व्हता. रामजी धावला तवा लहानू थांबला.

दवाखान्यात पट्टी बांधली, म्हनले पडून ऱ्हा. आमी त्याला झोळी करून पाड्यावर आनला. गुडघा भोपळ्यावानी सुजला. झोळीतनं त्यानं मला एकच इचारलं, "वयनी, शिट्टी वाजली का?"

मी म्हनलं, "नाय."

त्यानं झोळीचं कापड तोंडावर वढलं.

थोड्या दिसांनी जमादार आले. नाशकाकडं टीम जायची व्हती. खाटंजवळ उभं राहून म्हनले, "म्हादू, तुझ्या नाटकापायी कप गेला. झालं ते झालं. रुसवा सोड, आन चल."

सासूनं वाकळ बाजूला केली. जमादारांनी वाकून गुडघा बगितला. बराच येळ बगितला.

"बिब्बा घालून सुजवलाय," म्हनले. "आमच्या पलटनीतबी कवायत चुकवायला गडी हेच करतात."

म्हादू उठून बसला. "जमादारसाहेब, मी खोटं पडतो. खोटं सुजायला मला येत नाय."

"खोटं पडनाऱ्याचं खरं कुनी धरावं?" जमादार म्हनले. मानूस वाईट नव्हता तो. त्यालाबी वरती तोंड दाखवायचं व्हतं. पन टीममधनं म्हादूचं नाव गेलं, आन भात बंद झाला.

त्या पावसाळ्यात आमी कडूकंद खाल्ले. रानातनं खनून आनायचे, चकत्या करायच्या, राखंत उकडायच्या, व्हळाच्या पान्यात ठेवायच्या, परत उकडायच्या. घाई केली की घसा धरतो. चिंबोऱ्या मिळाल्या त्या दिशी सन. म्हादू खाटंवरनं इचारायचा, "काय शिजतंय वयनी?" मी म्हनायची, "दरबारचा भात." तो म्हनायचा, "वास कंदाचा येतोय." मी म्हनायची, "पेलंटी समजा आन खा." हसायचा. कवा कवा भिंतीकडं तोंड करून खायाचा.

माझी धाकली त्याच आखाडात गेली. ती गोष्ट येगळी, हिकडं नको.

दसऱ्याला तो उठला. गुडघा वाकडाच बसला. पाय टाकताना आधी उजवा, मंग डावा गोल फिरवून आनायचा. तसाच काठी घेऊन चढ चढून जव्हारला गेला. जमादार माळावर उभे व्हते, टीम पळत व्हती. त्यांनी म्हादूला लांबनं येताना बगितलं. म्हादूनं सांगितलेलं सांगते. जमादार त्याचा तो फिरवून टाकलेला पाय जवळ येईपतुर बगत राह्यले. मंग डोक्यावरची टोपी काढून परत घातली, आन म्हनले, "चुन्याच्या रेघा मारायला मानूस पायजे. फुटबालात हवाबी भरायची."

म्हादू म्हनला, "बरं."

बिब्ब्याचं त्यांनी परत नाव काढलं नाय, आन चूक झाली असंबी म्हनले नाय. घरात भात परत आला, आधीच्या निम्मा. म्हादू रेघा मारायचा. पाय फिरवत चालायचा म्हनून रेघा वाकड्या यायच्या. मी म्हनलं, "भावजी, ही रेघ की व्हळ?" तो म्हनला, "वयनी, रेघ सरळच हाय, माळ वाकडा हाय."

एकदा टीमला गडी कमी पडला. जमादार म्हनले, "म्हादू, नुसता उभा ऱ्हा म्होरं." हा गोलापाशी काठी टाकून उभा. कुनी त्याच्याकडं ध्यान देईना. फुटबाल आला, म्हादूनं पळनाऱ्याच्या तोंडाकडं न बगता पायाकडं बगितलं, चांगला पाय जरासा पुढं केला, आन गोल. उभ्या उभ्या. त्यानंतर परत फुटबाल आला त लोक वरडायला लागले, "म्हादू, पड. पड रे म्हादू." म्हादू पडला नाय. मला संध्याकाळी म्हनला, "पडलो असतो त उठलो नसतो. आन कुनी उठवलं नसतं."

पुढं बोहाड्याचा मुखवटा माझ्या नवऱ्याकडं आला. सालोसाल तो पोत्यावानी पडला. म्हादू कडंला बसून कपाळाला हात लावायचा. "दादा, देवीला लाज वाटत असंल असल्याला मारायची," म्हनायचा.

संस्थान गेलं, दरबारची टीम गेली, जमादार गेले. राह्यली ती म्हन. आमच्या पट्ट्यात कुनी कामाच्या येळी पोटात दुखतंय म्हनलं, की म्हनतात, "म्हादू करू नको." शेळीनं चालायचं सोडून बसकन मारली तरी म्हनतात, "म्हादू झाली." म्हननाऱ्यांना म्हादू कोन ते ठावकी नाय. म्हादूच्या म्होरंबी म्हनायचे. तो त्यांच्या पायाकडं बगायचा आन पुढं जायचा.

तो गेला त्या सालची गोष्ट. बाजाराला आमी दोघं जव्हारला गेल्तो. आता दोघंबी म्हातारी. माळावर म्याच चालली व्हती, कुटल्या तरी गावातले गडी. म्हनला, "वयनी, जरा बसू." बसलो. गोलाजवळ एक गडी पडला. लोक हसले, कुनी तरी वरडलं, "म्हादू करू नको, ऊठ." शिट्टीवाला हात हालवून पुढं निघाला.

म्हादू उठला. मी म्हनलं, "कुटं निघाले?" तो थांबला नाय. चुन्याची रेघ वलांडून सरळ मैदानात शिरला, पाय फिरवत, काठी टेकत. खेळनारे थांबले. हे म्हातारं कोन, कुनाला कळंना. तो त्या गड्याजवळ गेला, काठी धरून कसाबसा खाली बसला, आन त्याच्या कानाजवळ काय तरी बोलला. गड्यानं मान वळवून सांगितलं. म्हादूनं शिट्टीवाल्याकडं बगून हात वर केला, "लागलंय." म्हातारा तिथनं हालंना, मंग शिट्टीवाल्याला पेलंटी द्यावी लागली. दोन गड्यांनी मिळून उठवलं, त्या पडलेल्याला नाय, म्हादूला.

परत आल्यावर मी इचारलं, "काय इचारलंत?"

"लागलं का, इचारलं."

"काय म्हनला?"

"नाय म्हनला. पेलंटी पायजे म्हनला."

"मंग तुमी लागलंय म्हनून कसं सांगितलंत?"

म्हादूनं त्या गड्याच्या पायाकडं बगितलं. "पडला बरा," म्हनला. "मान वळवायला शिकला पायजे."

मंग उठला, काठी घेतली, आन उताराला लागला. मी मागनं चालत व्हती. उजवा पाय सरळ, डावा गोल फिरवून. माझ्या ध्यानात तो तसाच हाय. नागली झोडायच्या दिसात गेला. झोपंत गेला, कुनाला कळलंबी नाय.

जे कुनी हे वाचाल, त्यांना सांगते. ती म्हन सोडा असं मी म्हनत नाय, लोकांच्या तोंडाला कोन हात लावनार, आन म्हादूनं ती कमावलीबी व्हती. म्हादूला हसा, तो स्वताबी हसायचा. पन कुनी पडलं, आन उठंना, त हसायच्या आधी जवळ जाऊन एकदा इचारा, लागलं का. नाय म्हनला त हसा मंग.